आजोबांची डॉज: बॉनेटखाली किती पैसे घालायचे?

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. आजोबांची 1951 ची डॉज पिकअप वीस वर्षं गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभी होती. हळदीची पोती पेठेत पोचवायला घेतलेली ही गाडी कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात जोडलेली, असं वडील सांगतात. मूळ सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जागेवर आहे आणि हँडल मारलं की फिरतं. बॉनेटखालच्या कामाची दोन अंदाजपत्रकं त्यांच्या हातात आहेत. शहरातल्या गॅरेजचं 3 लाख 80 हजारांचं, त्यात इंजिन बाहेर काढून सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्यानं जुना रंग-गंज उडवणं), पावडर कोटिंग (भट्टीत भाजलेला पावडरचा रंग), नवा रंग, क्रोमचे नटबोल्ट आणि 12 व्होल्टचं वायरिंग. गावच्या मिस्त्रीचं 1 लाख 40 हजारांचं: साफसफाई करायची, गेलेलं तेवढं बदलायचं, बाकी हात लावायचा नाही. नोव्हेंबरात 5 लाख 20 हजारांची एफडी सुटतेय. त्यातले 1 लाख 80 हजार आणि वर 2 लाखांचं पर्सनल लोन, असा बेत आहे. ते लिहितात, "विकायची नाहीच. पण उद्या विकली तर घातलेले पैसे निघावेत. काय करू?"

नमस्कार. तुम्ही रंगाचं विचारलंत, मी आधी आत्यांचं विचारतो.

आरसी बुक अजून आजोबांच्या नावावर आहे, ते 1998 मध्ये गेले आणि मृत्युपत्र नाही, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे गाडी तुमचे वडील आणि दोन आत्या अशा तिघांची. तुमची एकट्याची ती अजून झालेली नाही. आज पत्र्याखालच्या भंगाराबद्दल कोणी काही बोलणार नाही. बॉनेट उघडल्यावर आरशासारखं इंजिन दिसायला लागलं आणि कोणीतरी लग्नाच्या वरातीसाठी भाडं विचारलं, की आठवणी जाग्या होतात. पैशांच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये मी हे शेतीत पाहिलंय, दागिन्यांत पाहिलंय, एकदा तर पितळेच्या घंगाळ्यावरूनही. तेव्हा दोन्ही आत्यांची आणि वडिलांची ना-हरकत लेखी घ्या, फॉर्म 31 भरून वारसाहक्कानं गाडी नावावर करून घ्या, आणि मगच मिस्त्रीच्या हातावर पहिला रुपया ठेवा. दिवाळीत आत्या माहेरी येतील तेव्हाच विषय काढलात तर बरं.

त्याच फेरीत आरटीओत दुसरी एक गोष्ट विचारून घ्या. केंद्रानं जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नवी नोंदणी असेल तर फी 20 हजार आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीची नोंदणी असलेल्याला जुना नंबर ठेवता येतो. तुमचा तीन अक्षरी नंबर मी तरी सोडणार नाही. मात्र तुमच्या आरसीवर मालवाहू म्हणून नोंद असणार, तेव्हा ती बदलल्याशिवाय गाडी या नियमात बसेल का, हे आरटीओकडून लेखी घ्या. शिवाय विंटेज नोंदणीच्या गाडीला धंदा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. वरातीच्या भाड्यातून हप्ते फेडण्याचा विचार मनात असेल तर तो तिथेच सोडून द्या.

याच नियमात एक अट आहे: गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. गॅरेजवाल्यांनी तुम्हाला तोंडी तिसरा पर्यायही दिलाय, जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवून "खर्चच संपवून टाकू" असा. तो ऐकूसुद्धा नका. त्या काळातल्या कितीतरी डॉज आणि तिच्या जुळ्या फार्गो गाड्यांची पेट्रोल इंजिनं काढून त्यात पर्किन्स कंपनीची डिझेल इंजिनं बसली, कारण मालकांना पोट भरायचं होतं. तुमची त्यातून वाचली. गाडीला आज जी काही किंमत आहे, त्यातली बरीचशी या वाचण्याची आहे.

आता बॉनेटखाली. तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. इंजिनच्या ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढे, डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) वर एक सपाट पट्टी दिसते. इंजिन नंबर तिच्यावर ठोकलेला असतो. तो आरसीवरच्या नंबराशी जुळतो का, हे जाणकार गिऱ्हाईक आधी बघतो. पोऱ्यानं ग्राइंडर फिरवून ती पट्टी गुळगुळीत केली तर वरचा रंग कितीही महागाचा असो, गाडीची ओळखच पुसली जाते. काम कोणीही करो, आधी त्यावर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत चेसिसचा छापा घेतात तसा, आणि फोटो काढा.

दुसरं, मूळ रंग कोणता? आज दिसतो तो हिरवट ऑइलपेंट ब्रशनं मारलेला आहे, केसांच्या रेघा दिसतात. तो कंपनीचा नाही, आजोबांच्या काळातला आहे. कंपनीचा रंग सापडलाच तर डायनॅमोच्या ब्रॅकेटखाली नाहीतर फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या आडव्या पत्र्यावरच्या) पाटीमागे सापडेल, जिथे ऊन आणि ब्रश दोन्ही पोचले नाहीत. गॅरेजचं अंदाजपत्रक मी दोनदा वाचलं. त्यात हा रंग शोधण्याचा उल्लेखच नाही, "ग्लॉसी ब्लॅक" एवढंच लिहिलंय. म्हणजे 3 लाख 80 हजारांत तुम्हाला जे मिळणार ते 1951 चंही नाही आणि आजोबांचंही नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. वडिलांचं एचएमटी जनता घड्याळ होतं, डायल पिवळी पडलेली. मी हौसेनं ती नव्यानं रंगवून घेतली, अक्षरंसुद्धा नवी. पुढे एका संग्राहकाला दाखवलं तर त्यानं भिंग लावलं आणि दोन सेकंदांत परत दिलं. पिवळ्या डायलला त्यानं पैसे दिले असते. मला वाईट वाटलं ते पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं: वडील ज्या डायलकडे बघून ड्यूटीला निघायचे ती आता कुठेच नाही.

पण म्हणून जुनं ते सगळं जपा, असंही माझं म्हणणं नाही. तुमच्या फोटोतला बॅटरीचा ट्रे आरपार गंजलाय, तो नवा बनवून घ्या, भावना मध्ये आणू नका. वायरींवरचं कापडी आवरण हात लावला की गळतंय. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा त्यात फार दिवस टिकत नाही. गळकी नळी आणि उघडी वायर शेजारी आल्या की आग लागायला वेळ लागत नाही. इथे मूळपणाचा हट्ट धरणं वेडेपणा आहे. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, नवा पडदा, नवं वायरिंग (वरून सुती वेणीचं आवरण असलेली वायर मिळते, दिसायला जुन्यासारखीच) आणि केबिनमध्ये आग विझवायचा सिलिंडर. वायरिंग 6 व्होल्टचंच ठेवा. या गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह नव्हे तर पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडतात, हे वायरमनला दहादा सांगा. सवयीनं बॅटरी उलटी जोडली जाते. पुढेमागे 12 व्होल्ट केलंच, तर काढलेला डायनॅमो आणि त्याचा कटआऊट (चार्जिंग जोडणारा-तोडणारा स्विच) चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा.

मिस्त्रीच्या 1 लाख 40 हजारांत वायरिंग 35, पेट्रोलची लाइन आणि कार्बोरेटर 25, रेडिएटर 20, साफसफाईची मजुरी 20 आणि ब्रेकचं काम 40 हजार असं धरलंय. या माणसानं इंजिन विचारल्यावर ब्रेक सांगितले. मला तो आवडला.

आता तुमच्या खिशाचं. गॅरेजच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात "जीएसटी वेगळा" लिहिलंय. 18 टक्क्यांनी ते 4 लाख 48 हजार 400 होतात. म्हणजे तुमच्या बेतात आत्ताच 68 हजारांचं भोक आहे. 2 लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता 6,836 रुपये आणि एकूण व्याज 46 हजारांच्या आसपास. उभ्या गाडीसाठी.

एफडीकडे असं बघा. घरखर्च महिना 45 हजार आणि अडीअडचणीसाठी बाजूला फक्त दीड लाख. हा अडचणीचा निधी निदान सहा महिन्यांच्या खर्चाइतका, म्हणजे 2 लाख 70 हजार हवा. आधी 1 लाख 20 हजार तिकडे. जूनमध्ये मुलगी अकरावीला जातेय, तिच्या क्लासचे तुम्हीच सांगितलेले 1 लाख 30 हजार वेगळे. उरले 2 लाख 70 हजार. त्यात मिस्त्रीचं काम कर्जाशिवाय बसतं आणि 1 लाख 30 हजार हातात राहतात. रंग पाच वर्षांनीही देता येईल, तेव्हा तुमचं मत आणि खिसा दोन्ही वेगळे असतील. ब्लास्ट करून उडवलेला जुना थर मात्र पुन्हा विकत मिळत नाही. मी मिस्त्रीच्या बाजूनं आहे.

"पैसे निघावेत" याबद्दल स्पष्ट सांगतो: ही गुंतवणूक धरू नका. अशा पिकअपला गिऱ्हाईक मोजकं, भाव ठरलेला नाही. मी तुमच्या हिशेबात हा खर्च हौसेच्या खात्यात टाकलाय, परतावा शून्य धरून. तरी कधी विकलीत तर कराचा एक मुद्दा. वैयक्तिक वापराच्या गाडीच्या नफ्यावर साधारणपणे भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणासमोर 1931 च्या एका फोर्ड टूररचं प्रकरण आलं होतं. गाडी वापरता येण्याजोगी आहे एवढ्यानं भागत नाही, ती खरंच स्वतःसाठी वापरल्याचं दिसायला हवं, असं म्हणून तिथे सूट नाकारली गेली. तेव्हा विमा, पेट्रोलच्या पावत्या, रॅलीची पत्रं जपा. आजोबांनी धंद्याच्या हिशेबात या गाडीवर घसारा घेतला (दरवर्षीची झीज खर्चात दाखवली) असेल तर गणित आणखी बदलतं, जुन्या वह्या असतील तर सीएला दाखवा. विम्यातही पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरते. तिथे कामाआधीचे-नंतरचे फोटो आणि बिलं उपयोगी पडतील.

शेवटचं, तुम्ही पत्रात न लिहिलेलं. तिसऱ्या फोटोत बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर, बिजागरीजवळ, हळदीकुंकवाच्या बोटांचे पाच ठसे दिसतात. कुठल्यातरी दसऱ्याचे असावेत. मिस्त्री डिझेलचा बोळा घेऊन साफसफाईला बसेल तेव्हा तुम्ही तिथे हजर राहा, आणि ती जागा आधीच कागद चिकटवून झाका.