चाहते जास्त कुणाचे आणि पक्के कुणाचे?

सदर : हिशेब विचारा
(आकडेवारीचे प्रश्न घेणाऱ्या, बडोद्याच्या एका निवृत्त प्राध्यापिका)

प्रश्न : थोरला मुलगा ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकला, सून कोलंबसच्या ओहायो स्टेटमध्ये. आता दोघं शिकागोजवळ राहतात. एरवी गुण्यागोविंदाने नांदतात, पण नोव्हेंबर आला की कॉलेजच्या (अमेरिकन) फुटबॉलवरून अबोला. मुलगा म्हणतो, आमचं स्टेडियम मोठं, म्हणजे चाहते आमचे जास्त. सून म्हणते, जास्तही आमचे आणि पक्केही आमचेच. मी रेल्वेत हिशेब तपासण्यात जन्म घालवला, पण हा हिशेब मला लागत नाही. हे मोजतात तरी कसं? — एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आधी माझा पक्ष सांगून टाकते. माझी लेक कोलंबसला राहते. त्यामुळे मी सूनबाईंकडे झुकणार हे धरूनच पुढचं वाचा. एकदा नोव्हेंबरात मी तिच्याकडे होते, नेमकी मिशिगनशी सामना असलेल्या आठवड्यात. विद्यापीठाच्या आवारात फिरायला गेलो तर इमारतींच्या पाट्यांवरच्या इंग्रजी ‘एम’ अक्षरावर लाल चिकटपट्टीची फुली. एका पाटीवर नाही, जिथे ‘एम’ तिथे फुली! मिशिगनचं आद्याक्षर म्हणून ते आठवडाभर बाद. मी हसायला लागले तर जावई गंभीरपणे म्हणाले, “आई, इथे त्यांचं नावसुद्धा घेत नाहीत. ‘वरच्या अंगाचा तो संघ’ म्हणायचं.”

पण भक्ती किती हे अशा फुल्यांवरून ठरत नाही. फुली मारायला दहा पोरं आणि एक शिडी पुरते.

तुमच्या घरात दोन वेगळी भांडणं एकमेकांत गुंतली आहेत. चाहते किती, हे एक. ते टिकतात किती, हे दुसरं. पहिलं आधी घेऊ.

चिरंजीवांचा स्टेडियमचा दाखला मी सरळ बाजूला ठेवते. ॲन आर्बरचं स्टेडियम १९२७ सालचं, आसनं १,०७,६०१. कोलंबसचं १९२२ सालचं, आसनं १,०२,७८०. दोन्ही भरतात. भरलेल्या भांड्यावरून विहिरीत पाणी किती ते कळत नाही. माजी विद्यार्थ्यांची यादीही कामाची नाही. मिशिगनचे हयात माजी विद्यार्थी सहा लाखांच्या वर आहेत, पण संघावर जीव टाकणाऱ्यांतले बहुसंख्य त्या विद्यापीठाची पायरीही चढलेले नसतात. इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांचा संघ न्यूयॉर्कला लष्करी अकादमीशी खेळायला येई, तेव्हा तिथले आयरिश कष्टकरी भुयारी रेल्वेने सामना बघायला लोटत. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या मंडळींना गमतीने ‘सबवेवाले माजी विद्यार्थी’ असं नावच पडलं.

मग मोजायचं कसं? २०११ साली नेट सिल्व्हर या आकडेतज्ज्ञाने न्यूयॉर्क टाइम्ससाठी एक हिशेब मांडला. अमेरिकेत टीव्हीच्या जाहिरातींसाठी देशाचे २१० भाग पाडलेले आहेत. त्याने प्रत्येक भागाची लोकसंख्या घेतली. तिथले लोक गूगलवर कॉलेज फुटबॉल किती शोधतात त्यावरून आवड असणाऱ्यांचं प्रमाण काढलं. मग ती माणसं संघासंघांत वाटली. वाटणीसाठी एका ऑनलाइन पाहणीचा आधार घेतला, ज्यात लोकांनी आपण कुठले आणि कुणाच्या बाजूचे ते स्वतःहून नोंदवलं होतं. समजा एका भागात २० लाख माणसं आहेत. चौथा हिस्सा शौकीन धरला तर ५ लाख. त्यातले ६० टक्के एका संघाचे, तर ३ लाख. असे २१० तुकडे जोडत जायचे. (हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, सूनबाईंना पुरावा म्हणून दाखवू नका.)

त्या हिशेबात पहिला नंबर ओहायो स्टेटचा आला, ३१-३२ लाख चाहते. मिशिगन दुसरं. कारण साधं आहे. ओहायोची लोकसंख्या एक कोटी पंधरा-अठरा लाखांच्या घरात आणि त्या राज्यात एवढा मोठा दुसरा संघ नाही. मिशिगन राज्य कोटीभराचं, आणि त्यातही ईस्ट लॅन्सिंगचं मिशिगन स्टेट वाटेकरी म्हणून बसलेलं. पंक्तीला भाऊ नसला की वाढपी आपल्याच ताटात वाढतो, एवढाच सूनबाईंच्या संघाचा पराक्रम.

या रीतीतलं दुखणंही त्याच यादीत दिसलं. जॉर्जिया राज्यात अटलांटाचं जॉर्जिया टेक हे इंजिनिअरिंगचं विद्यापीठ चाहत्यांच्या संख्येत जॉर्जिया विद्यापीठाच्या वर निघालं. दक्षिणेतला कुणीही हे ऐकून हसेल, तिथे बोलबाला जॉर्जिया विद्यापीठाचाच. पाहणीत ज्याला वाटलं त्याने नाव नोंदवलं, आणि अशा ठिकाणी कॉम्प्युटरसमोर बसणारी मंडळी हिरिरीने नोंदवतात, शेतावरचा म्हातारा नोंदवत नाही, असं माझं मत. वाटणीचा आकडा कच्चा असला की वरचा गुणाकार कितीही काटेकोर करा, उत्तर कच्चंच. म्हणून एका लाखाच्या फरकावरून भांडू नका. आठ-दहा लाखांचा फरक असेल तर मात्र बोला.

टीव्हीचे आकडे? २०२३चा ओहायो-मिशिगन सामना १ कोटी ९० लाख लोकांनी पाहिला. त्यात तुमचे किती, त्यांचे किती आणि थँक्सगिव्हिंगच्या शिळ्या टर्कीचं सँडविच खात सहज बसलेले किती, ते टीव्ही सांगत नाही.

आता निष्ठेचं. इथे माझा पक्ष मला सोडावा लागतोय. निष्ठा जिंकताना मोजता येत नाही. ज्या वर्षी संघ आपटतो त्या वर्षी कोण उरलं, एवढंच मोजायचं असतं. मिशिगनने असे हंगाम पाहिलेत. २००८ मध्ये ३ जिंकले, ९ हरले. २०१४ मध्ये ५ आणि ७. शिवाय २०१२ ते २०१९ दर वर्षी ओहायोकडून मार. तरी १९७५ च्या नोव्हेंबरपासून त्यांच्या घरच्या प्रत्येक सामन्याची नोंदलेली गर्दी लाखाच्या वर आहे. अपवाद फक्त २०२० च्या कोविडच्या हंगामाचा. ‘नोंदलेली’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण २०१४ च्या सप्टेंबरात दोन कोकच्या बाटल्या घेतल्या की दोन तिकिटं मिळत होती. बोभाटा झाला तसा तो प्रकार गुंडाळला. पण वाईट वर्षात लाखाचा आकडा राखायला किती धडपड करावी लागते ते त्यातून दिसलं.

आणि ओहायो? गेल्या पन्नास वर्षांत जिंकल्यापेक्षा जास्त हरले असे त्यांचे हंगाम जेमतेम दोन, १९८८ आणि २०११. त्यांच्या चाहत्यांना परीक्षेलाच कुणी बसवलेलं नाही! सूनबाईंचे चाहते पक्के असतीलही, पण गुणपत्रिका दाखवा म्हटलं तर त्यांच्याकडे ती नाही. चिरंजीवांकडे आहे, आणि गुण बरे आहेत.

घरच्या घरी करायची एक चाचणी सांगते. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने १९७३ च्या हंगामात सात विद्यापीठांत दर सोमवारी वर्गातले कपडे मोजायला लावले. तुमची दोन्ही विद्यापीठं त्यात होती. शनिवारी संघ जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालणारे वाढत. फोनवर सामन्याबद्दल विचारलं तर जिंकल्यावर पोरं ‘आपण जिंकलो’ म्हणत, हरल्यावर ‘ते हरले’. तेव्हा पुढच्या वेळी दोघांपैकी ज्याचा संघ हरेल त्याने सोमवारी काय घातलंय ते व्हिडिओ कॉलवर बघा. विचारू मात्र नका. विचारलं की मुद्दाम घालतील.

प्रश्न : माझा पुतण्या नेब्रास्कातल्या लिंकन शहरात आहे. तो सांगतो की तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉलचं एकही तिकीट १९६२ पासून शिल्लक राहिलेलं नाही. मला ही थाप वाटते. — एक वाचक, निझामपुरा

उत्तर : थाप नाही. ३ नोव्हेंबर १९६२ पासून घरचा प्रत्येक सामना ‘हाउसफुल्ल’ जाहीर झालाय, आणि अशा सामन्यांची संख्या चारशेच्या पुढे गेली आहे. राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन सोडलं तर राज्यातलं तिसरं मोठं गाव म्हणजे ते स्टेडियम. वर मी म्हटलेली परीक्षाही त्यांनी दिली. २०१७ ते २०२३ सलग सात हंगाम संघ जिंकला कमी, हरला जास्त. तरी मालिका तुटली नाही.

पण पुतण्याला एक विचारा : विकली गेली म्हणजे घेतली कुणी? २०२१ मध्ये उरलेली तिकिटं देणगीदारांनी उचलली आणि गरजू मुलांना दिली. उपक्रम चांगलाच. माझं म्हणणं एवढंच की त्या खुर्च्या निष्ठेच्या खात्यात टाकता येत नाहीत. त्या देणगीदारांच्या निष्ठेच्या खात्यात जातील, आणि तिथे माणूस एक आणि खुर्च्या शंभर असा मामला असतो.

मोठा घोळ तर सगळ्याच विद्यापीठांत आहे. जाहीर होणारी गर्दी बहुधा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांची असते. फाटकावर फोनवरचं तिकीट यंत्रापुढे धरलं की ‘टिं’ वाजतं. ते ‘टिं’ किती वेळा वाजलं हा वेगळा आकडा, आणि तो सहसा आतच राहतो. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली तो मागवला. आधीच्या हंगामात प्रत्यक्ष आत गेलेले सरासरीने जाहीर आकड्याच्या ७१ टक्के भरले. शंभर सांगितले, एकाहत्तर आले. ज्याची मोजदाद करायची त्यालाच मोजायला बसवलं की असं होतं. तुम्ही ऑडिटवाले नसलात तरी हे तुम्हाला सांगायला नको.

आत आलेले टिकतात का, हे आणखी पुढचं. अलाबामा विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन एवढे जिंकत की पोरं कंटाळून मध्येच उठून जात, आणि सेबन त्यावर जाहीर कुरकुर करत. २०१९ मध्ये विद्यापीठाने ॲप काढलं. घरच्या सामन्याला आलं की १०० गुण, चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रापर्यंत थांबलं की आणखी २५०. गुण जास्त तर मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत नंबर आधी. कोण कुठे आहे ते फोन सांगणार. निष्ठेचा मला माहीत असलेला सगळ्यात नेमका आकडा हाच, आणि सगळ्यात निरुपयोगीही. गुणांसाठी बसलेला कोण आणि जीव अडकलाय म्हणून बसलेला कोण, हे त्या फोनला काय कळणार?

प्रश्न : आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या संघाला असे चाहते का नाहीत? मी कॉलेजकडून क्रिकेट खेळलो, बघायला माझी आईसुद्धा आली नाही. — एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : आईंचं मी काही बोलत नाही. तिकडे कॉलेजचा फुटबॉल आधी आला, १८६९ मध्ये, आणि पुढे जिला एनएफएल म्हणू लागले ती व्यावसायिक लीग १९२० मध्ये. मधल्या पन्नास वर्षांत लोकांनी मन कॉलेजला देऊन टाकलं. नेब्रास्का, अलाबामा अशा राज्यांत आजही वरच्या दर्जाचा व्यावसायिक संघ नाही. रिकामी जागा कॉलेजने भरली.

आपल्याकडे ती जागा रिकामी नव्हती. एम. एस. युनिव्हर्सिटी १९४९ ची. त्याआधीच, १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यातच विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडून इंदूरच्या होळकरांना घाम फोडला होता. बडोदेकरांचं मन तिथे बसलं, आणि कॉलेजच्या वाट्याला उरलेसुरले आले.

ते मन अजून तिथे आहे का, हे तुम्ही मोजू शकता. बडोद्याने रणजी शेवटची जिंकली २०००-०१ मध्ये, म्हणजे परीक्षा बरीच लांबली आहे. घरचा सामना कामाच्या वारी असेल तर तिसऱ्या दिवशी चहापानानंतर जा. पहिल्या दिवशी सकाळी शाळांची पोरं आणून बसवलेली असतात, ती धरू नका. खेळाडूंचे नातेवाईक वेगळे काढा, ते फोनवर बोलण्यावरून ओळखू येतात. उरलेल्यांची दोन दिवस मोजणी करा, एक बडोदा वरचढ असताना आणि एक मार खात असताना. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा आणि उत्तर मला पाठवा. पुढच्या अंकात छापते, नाव न घालता.