सासू-सासऱ्यांसह डिस्ने वर्ल्ड: घर, सुइट की दोन खोल्या?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. एप्रिलमध्ये सासू-सासरे पुण्याहून येत आहेत. तेव्हा मुलांना (वय ११ आणि ५) घेऊन सहा जणांनी फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जायचं चाललंय. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. नवरा म्हणतो, डिस्नेजवळच्या किसिमी गावात स्वयंपाकघरासकट घर भाड्याने घेऊ, स्वस्त पडेल. मुलांना डिस्नेच्या ‘आर्ट ऑफ ॲनिमेशन’ हॉटेलमधला, ‘कार्स’ सिनेमासारखा सजवलेला सुइट हवाय. बजेट बेताचं आहे. काय घ्यावं?
— एक सून

उत्तर : तुमच्या जागी मी असते तर डिस्नेच्याच ‘पॉप सेंच्युरी’ हॉटेलमध्ये दोन खोल्या घेतल्या असत्या. का, ते सांगते.

आधी किसिमीच्या घराचं बघू. एका रात्रीचं भाडं कमी दिसतं हे खरं. पण त्यावर साफसफाईचे पैसे, सहा जण मावतील अशी गाडी आणि पार्कच्या पार्किंगचे रोजचे पैसे धरा. पैसे एकवेळ सोडा, सासऱ्यांच्या गुडघ्यांचं काय? मॅजिक किंगडम या मुख्य पार्कला स्वतःच्या गाडीने गेलात की गाडी पार्कपाशी लागत नाही. ती तळ्याच्या अलीकडे लावायची आणि पुढे मोनोरेल किंवा फेरीबोटीने जायचं. परतताना हेच उलट, तेही पेंगुळलेलं पाच वर्षांचं मूल कडेवर घेऊन. डिस्नेच्या हॉटेलची बस थेट पार्कच्या दारात सोडते. आजी-आजोबांना दुपारी खोलीवर जाऊन आडवं व्हायचं असेल, तर त्यांना कुणी पोचवायला नको, बसने ते आपले आपण जातील. दुपारची ही झोप मला स्वयंपाकघरापेक्षा मोलाची वाटते. शिवाय सुट्टीत तिथे पोळ्या कोण लाटणार, हेही नवऱ्याला विचारून घ्या!

आता सुइट. सहा जण, दोन बाथरूम, मायक्रोवेव्ह, सगळं छान. पण त्याचं भाडं बऱ्याचदा शेजारच्याच पॉप सेंच्युरीच्या दोन खोल्यांपेक्षा जास्त निघतं. तुमच्या तारखा टाकून दोन्ही आकडे शेजारी मांडा. वर बारा-तेरा टक्के कर लागतो, तो धरायला विसरू नका. ईस्टरच्या आसपास भाव चढतात, त्यामुळे एप्रिलचा शेवट बघा. दोन खोल्यांतही दोन बाथरूम मिळतातच, आणि मध्ये बंद होणारं दार असतं, ज्याची किंमत सासू-सुना दोघींनाही कळते. मध्ये दार असलेल्या, एकमेकींना जोडलेल्या खोल्या हव्यात असं बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. विनंती नोंदवतात, हमी धरू नका. ‘कार्स’चं म्हणाल, तर दोन्ही हॉटेलांच्या मध्ये तळ्यावर पूल आहे. मुलांना संध्याकाळी पलीकडे नेऊन त्या गाड्यांशेजारी हवे तेवढे फोटो काढा, फुकट.

त्याच पुलापाशी स्कायलायनरचं स्टेशन आहे. २०१९मध्ये सुरू झालेल्या या झुलत्या पाळण्यांतून कॅरिबियन बीच हॉटेलच्या स्टेशनवर एकदा पाळणा बदलून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज ही पार्कं गाठता येतात. बाबागाडी न मिटता आत जाते. चढताना पाळणा चालूच असतो, पण चाकाच्या खुर्चीसाठी थांबणारी वेगळी जागा आहे. सासऱ्यांसाठी खुर्ची घेणार असाल तर तिथूनच चढा. वीज चमकायला लागली की पाळणे थांबतात, मग बस. मॅजिक किंगडम आणि ॲनिमल किंगडम या उरलेल्या पार्कांना तर बसच.

याहून स्वस्त म्हणजे तिन्ही ‘ऑल-स्टार’ हॉटेलं. पण तिथून सगळीकडे बसच, आणि शाळांच्या खेळांचे संघ उतरले असतील तर रात्री गलका. फरक थोडाच असेल तर पॉपच घ्या.

पॉपची खोली लहान आहे, सुमारे २६० चौरस फूट. एक मोठा पलंग, आणि दुसरा भिंतीतून खाली ओढायचा. तो खाली आला की जेवायचं टेबल गेलंच. आजी-आजोबांच्या खोलीत तो उघडूच नका, म्हणजे सकाळचा चहा आणि औषधांचे डबे यांना टेबल राहील. फ्रिज आहे, त्यात दूध-दही राहतं. मायक्रोवेव्ह मात्र खोलीत नाही, खाली फूड कोर्टमध्ये आहे. पार्कात घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेचं काही नको. ठेपले न्या. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं, बाटल्या विकत घेऊ नका.

विमानतळाहून डिस्नेची फुकट बस मिळायची, ती २०२२मध्ये बंद झाली. सहा जणांना मोठी टॅक्सी आधीच ठरवा आणि धाकट्यासाठी लहान मुलांची सीट मागा. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंत ती सक्तीची आहे.

बुकिंग करताना खोली आणि तिकिटं वेगवेगळी घ्या. नुसत्या खोलीला एका रात्रीचे पैसे आधी भरावे लागतात. ऑनलाइन रद्द करायची तर सहा दिवस आधीपर्यंत ते पूर्ण परत मिळतात. खोली आणि तिकिटं एकत्र असलेलं पॅकेज घेतलंत तर हीच मुदत तीस दिवसांची होते. मधल्या काळात सवलत जाहीर झाली तर फोन करून तुमच्या तारखांना लागू होते का ते विचारा. आणि अकरा वर्षांच्या पोराचं तिकीट मोठ्यांचंच लागेल, दहापासून तसं धरतात.