आधी वायर बघा, मग राउटर बदला

वाचकांनी पाठवलेल्या या वेळच्या प्रश्नांत एक फुकटचा खर्च दिसला. नेट अडलं की घरातली माणसं राउटर बदलतात. पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं, कारण बऱ्याचदा ते वायरीत किंवा तिच्या टोकाला असतं.

प्रश्न (अमळनेर): २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. वायफायवर राउटरजवळ १८० मिळतात, पण वरच्या मजल्यावर लॅन केबलने जोडलेला कॉम्प्युटर ९५ च्या पुढे कधीच जात नाही. राउटर बदलून झाला. आता काय करू?

उत्तर: भाऊ, तुमचा ९५ चा आकडाच दोष कुठं आहे ते सांगतो. लॅन केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच पुरतात, नारिंगी आणि हिरवी. त्यापुढच्या गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसच्या वेगाला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जॅकमध्ये नीट बसली नसेल, तर राउटर आणि कॉम्प्युटर आपसात १०० वर उतरतात, आणि त्यातले हातात ९५ च पडतात. नेट चालू राहतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेट उघडून ‘लिंक स्पीड’ बघा. १००/१०० दिसलं तर कॉम्प्युटर खाली आणून राउटरला छोट्या, चांगल्या केबलने जोडा. तिथं १००० दिसलं तर दोष लांब केबलचा. तिथंही १०० च राहिलं तर दोघांपैकी एकाचं पोर्टच तेवढ्या वेगाचं आहे. स्वस्त राउटरमध्ये अजूनही तशी पोर्ट येतात.

केबलचा दोष निघाला तर दोन्ही टोकांचे जॅक कापून नवे बसवून घ्या. क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागताना स्वतः बघा, मगच पैसे द्या.

आणि एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे. दोन-तीनदा वाकवलं की तुटतं. अशी केबल ‘कॅट-६’ म्हणून विकली जाते, याचा मला मनापासून राग येतो. गिऱ्हाईक भिंत फोडून ती आत टाकतं आणि दोन वर्षांनी पुन्हा भिंत फोडतं.

प्रश्न (शिरपूर): मुलाच्या लग्नाचे व्हिडिओ मोबाइलमधून लॅपटॉपवर घ्यायचे आहेत. एका टाइप-सी केबलने फक्त चार्जिंग होतं. दुसरीने मोबाइल दिसतो, पण फार वेळ लागतो. महागडी केबल घेऊ का?

उत्तर: ताई, टाइप-सी हे फक्त टोकाच्या आकाराचं नाव आहे. आत किती तारा आहेत ते त्यावरून कळत नाही. तुमच्या पहिल्या केबलमध्ये बहुधा वीज नेणाऱ्या दोनच तारा आहेत. दुसरी यूएसबी २.० ची असावी. तिचा वेग कागदावर ४८० एमबीपीएस (मेगाबिट; आठ मेगाबिटांचा एक एमबी, म्हणजे सेकंदाला ६० एमबी), प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास. म्हणजे ६० जीबीला साधारण अर्धा तास. महागडी केबल घेण्याआधी मोबाइलच्या माहितीपत्रकात यूएसबीचा आकडा वाचा. तिथंच २.० लिहिलं असेल तर कोणतीही केबल वेग वाढवणार नाही. आहे त्याच केबलने रात्री लावून ठेवा.

प्रश्न (रावेर): घरापासून १४० मीटरवर केळीच्या बागेपलीकडे पंपघर आहे. तिथं कॅमेरा लावलाय, कारण मोटारीची केबल चोरीला जाते. लॅन केबल झाडांवरून नेली. मधेमधे कॅमेरा बंद पडतो, आणि पहिल्या पावसाच्या कडकडाटात राउटरचं पोर्ट दोनदा जळालं.

उत्तर: आप्पा, इथं दोन वेगळी दुखणी आहेत. लॅन केबलची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे ती चालली तर नशीब, म्हणून कॅमेरा अधूनमधून जातो.

दुसरं दुखणं जास्त गंभीर आहे. वीज वायरीवरच पडायला हवी असं नाही. शिवारात जवळपास पडली तरी उघड्यावरच्या लांब तांब्याच्या तारेत दाब तयार होतो आणि तो थेट पोर्टमध्ये उतरतो. रोहिणीत आणि मृगात आपल्याकडे विजा किती होतात ते तुम्हाला सांगायला नको. आज पोर्ट गेलं, उद्या त्याच वायरीला जोडलेल्या कॉम्प्युटरला हात लावलेला माणूस असू शकतो. ही तार पावसाआधी काढाच.

तिच्या जागी फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही, आणि १४० मीटर तिला काहीच नाही. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरला लॅन केबलशी जोडणारा छोटा डबा, लागतो. केबल घेताना आत स्टीलची तार नाही ना, हे विचारा. खांबांवरून नेण्याच्या केबलमध्ये बऱ्याचदा ती असते आणि ती वीज आत आणते. केबल बांधाच्या कडेने, नांगराच्या फाळाखाली राहील इतकी खोल, एचडीपीई पाइपातून न्या. ठिबकची जुनी नळी पडलेली असते म्हणून मोह होईल, पण तिला भोकं असतात. पाणी आत जातं.

वायरलेसनेही नेता येतं, मात्र दोन्ही अँटेना एकमेकींना दिसल्या पाहिजेत. केळीची पानं पाण्याने भरलेली असतात, सिग्नल खाऊन टाकतात. फेब्रुवारीत बसवलेली जोडणी बाग वाढली की बंद पडते.

प्रश्न (भुसावळ): मे महिन्यात दुपारी एक ते पाच नेट मरतं. संध्याकाळी आपोआप सुरू होतं.

उत्तर: राउटर पत्र्याखालच्या माळ्यावर आहे का? बहुतेक घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. भुसावळच्या मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ वर असतो, पत्र्याखाली त्याहून जास्त. खाली, हवेशीर भिंतीला लावा. वरचं रेक्झिनचं कव्हर काढा. अ‍ॅडॅप्टर मूळचाच आहे ना, हेही बघा. राउटरला १२ व्होल्ट लागत असताना सेट-टॉप बॉक्सचा ९ व्होल्टचा लावलेला मी अनेक घरांत पाहिलाय. पिन बसते, म्हणून चालतं असं वाटतं.

प्रश्न (चाळीसगाव): अखाजीला (अक्षय तृतीयेला) घर रंगवलं, तेव्हापासून फायबर नेटच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकतो.

उत्तर: फायबरमधून येणारा प्रकाश अडला आहे. रंगाऱ्याने कपाट सरकवलं असेल तर त्यामागे केबल करकचून वाकली असेल. ती मोकळी करून मोठ्या वळणाने सोडा. दिवा तसाच राहिला तर नेट कंपनीचा माणूस बोलवा आणि येणारा प्रकाश पॉवर मीटरवर मोजायला लावा. उणे २० डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आसपास चांगलं, उणे २७ च्या खाली गेलं की तक्रार नोंदवा. टोकावर चुन्याची धूळ बसली असेल तर तोच पुसून देईल. हिरवं टोक हिरव्यातच बसवायचं, त्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं. तो येईपर्यंत सुटं टोक टोपण लावून उंचावर ठेवा. त्यातला लेसर दिसत नाही, तेव्हा पोरांना त्याला डोळा लावून बघू देऊ नका.