कोच, कोच आणि कुचेर

प्रश्न असा आहे: युक्रेनी लिखाणात माजी फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक ओलेक्सी मिखायलिचेन्कोला ‘त्रेनेर’ म्हणतात, तर मराठीत ‘मधल्या फळीतला खेळाडू ट्रेनर बनला’ लिहावं की ‘कोच बनला’?

आधी ते ‘बनला’ काढा! मराठीत माणूस प्रशिक्षक होतो. क्रीडापानांवरचं हे हिंदी ‘बनणं’ वाचून जीव विटला आहे. ‘ट्रेनर’ही नको, तो आपल्याकडे व्यायामशाळेत भेटतो. प्रशिक्षक म्हणा, कोच म्हणा.

पण ‘कोच’ची कुळकथा ऐकाच. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. तिथल्या हलक्या, वेगवान घोडागाड्या पंधराव्या शतकापासून नावाजल्या. जर्मनांनी त्या गाडीला ‘कुत्शे’ म्हटलं, इंग्रजांनी ‘कोच’. 1830 च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी शिकवणीच्या मास्तरालाही कोच म्हणू लागले, कारण तो परीक्षेपार वाहून नेतो. तिथून शब्द मैदानावर आला. म्हणजे रेल्वेचा डबा आणि संघाचा गुरू सख्खे भाऊ. दिवाणखान्यातला कोच मात्र परक्या घरचा, आडवं होणं या अर्थाच्या फ्रेंच शब्दातून आलेला. तिघांना एका मुळावर बसवणारे जाणकार साफ चुकतात. इंग्रजीत ‘coach’ आणि ‘couch’ यांचे स्वर वेगळे आहेत, एक झाले ते आपल्या तोंडी.

मिखायलिचेन्कोला हा ‘वाहून नेणारा’ अर्थ शोभतो. 1988 मध्ये सोलला सोव्हिएत संघाबरोबर ऑलिंपिक सुवर्ण, 1991 मध्ये साम्पदोरिया क्लबबरोबर इटलीचं लीग विजेतेपद, मग ग्लासगोचा रेंजर्स क्लब. मे 2002 मध्ये दिनामो कीव्ह या युक्रेनी क्लबचे प्रशिक्षक लोबानोव्स्की वारले, तेव्हा क्लबची धुरा यानेच उचलली आणि 2003, 2004 अशी लागोपाठ दोन लीग विजेतेपदं मिळवली. 2006 मध्ये युक्रेनचा 21 वर्षांखालचा संघ त्याच्याच हाताखाली युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला.

मग युक्रेनीने संघाच्या गुरूसाठी ‘कोच’ का घेतला नाही? माझं मत ठाम आहे: त्या घराण्याची जागा तिथे आधीच भरली होती. जर्मन ‘कुत्शर’वरून आलेला ‘कुचेर’ युक्रेनीत रुळला होता, आणि कुचेर म्हणजे घोडागाडी हाकणारा. संघाच्या गुरूला त्याच गोतातलं नाव कोण देईल? शाख्तार दोनेत्स्क क्लबचा आणि युक्रेनचा माजी बचावपटू ओलेक्सांदर कुचेर आठवा. त्याच्या आडनावाचं सरळ मराठी होतं कोचमन.