घरभेटीला जाताना स्वतःच्या मनाकडेही बघत जा भाऊ

भाऊ, चर्चच्या मंडळीतल्या लोकांच्या घरभेटीले तू आता जाऊन राहिला ना, तर समोरच्याचं ऐकता ऐकता आपल्या पोटात काय होऊन राहिलं तेही बघत जा. कपाशी बुडाली, सोसायटीचं कर्ज थकलं असं कोणी सांगाले लागला की तुले आपला बाप आठवंल आन् तू लगेच प्रार्थना सुरू करशील, पण तशी घाईची प्रार्थना बहुतेक आपलीच घालमेल थांबवासाठी असते. पेशंटचा परिणाम डॉक्टरच्याही मनावर होते हे मनाचा डॉक्टर फ्रॉइड यानं 1910 मध्येच सांगितलं, मग आपण कोण मोठे लागून गेलो! दारुड्या नवऱ्याचा राग आला तर येऊ दे, त्याच रागात बाईले सल्ला मात्र देऊ नको. डोळे भरले तरी चालते, दोस्त लाजर मेला तेव्हा येशूही रडला. घरी आल्यावर बोलणं आठवंल तसं वहीत लिही, नाव न टाकता, बाजूले आपल्याले काय वाटलं तेही, आन् मधून मधून एखाद्या जुन्या पाळकासोबत बसून वाच (बायकोजवळ नाही, गावात गोष्ट फिराले वेळ लागत नाही). कोणी मरायची भाषा केली तर एकटा हिरो बनू नको, त्याच्याजवळच बस आन् टेलिमानसले (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) 14416 वर फोन लाव.