घरचा गुलाब: तुमचे प्रश्न आणि दुकानदाराचं झाकण

नमस्कार मंडळी. सप्टेंबर संपत आला की व्हॉट्सॲपवर सोयाबीन-कापसाच्या फोटोत हळूहळू गुलाबाचे फोटो मिसळायला लागतात. पिवळी पानं, काळे ठिपके, वाळलेल्या फांद्या आणि खाली एकच ओळ, "साहेब कोणतं औषध मारू?" कुणाची अंगणात दहा-पंधरा झाडं, कुणाच्या गच्चीवर कुंड्या, कुणी विहिरीजवळ देवापुरतं लावलंय. सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं होत नाही म्हणून एकत्र देतोय. खड्डा कसा घ्यायचा, शेणखत किती टाकायचं हे तुम्हाला येतं, त्यात जात नाही. जिथं चुकतंय तेवढंच बोलतो.

पहिला प्रश्न बार्शीकडचा. पावसात पानांवर काळे ठिपके आले, खालची पानं पिवळी पडून गळाली, दुकानदाराने तीन औषधं एकत्र करून मारायला सांगितली, मारली तर कोवळे शेंडेच करपले.

करपणारच की. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक आणि एक बिननावाचं टॉनिक आहे. ठिपके बुरशीचे, झाडावर कीड एकही नाही, मग कीटकनाशक कशाला? तर दुकानदाराच्या कपाटात पडून होतं म्हणून. आणि डोस विचारला तर उत्तर काय, "एक झाकण टाका." अहो, हे झाकणाचं गणित पंपाचं असतं, पंधरा लिटरचं. तुम्ही घरी दोन लिटरच्या स्प्रे बाटलीत ते झाकण ओतता. उदाहरणाला इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के हे कीटकनाशक धरा, लिटरला 0.3 मिली पुरतं, म्हणजे अख्ख्या पंपाला साडेचार-पाच मिली. तेवढंच पाच मिलीचं झाकण दोन लिटरमध्ये गेलं की डोस झाला आठपट. वरून प्रत्येक कंपनीचं झाकण वेगळं, कुणाचं पाच मिलीचं कुणाचं दहाचं. मेडिकलमधून पाच मिलीची सिरिंज आणा, सुईशिवाय, आणि त्यावर लाल पेनने "औषधाची" लिहून घराबाहेर ठेवा. झाकणाने मोजायचं नाही. कुणीही सांगितलं तरी नाही.

ठिपक्यांचं म्हणाल तर गळलेली पानं आधी गोळा करून जाळा किंवा लांब पुरा, कारण पुढच्या पावसात बुरशी तिथूनच उडते. पाणी बुडाशी द्या, पानांवर नको, आणि संध्याकाळी तर नकोच, रात्रभर पान ओलं राहिलं की ठिपका आलाच म्हणून समजा. उघडीप मिळाली की मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी गरज वाटली तर परत. कार्बेन्डाझिम लिटरला 1 ग्रॅम, पण एकदाच, दर आठवड्याला तेच तेच मारत राहिलात तर बुरशीला त्याची सवय होते आणि मग कशानेच भागत नाही. पाऊस चालू असताना मारू नका. "स्टिकर (औषध पानाला चिकटवणारा द्रव) टाकला की धुपत नाही" हे दुकानातलं वाक्य आहे, आभाळ ते ऐकत नाही.

आता छाटणी. यावर सगळ्यात जास्त मेसेज, आणि सगळ्यात जास्त झाडं इथंच बिघडतात. पुण्यातल्या एक ताई विचारतात की नर्सरीवाला म्हणाला कधीही छाटा, फुटतं. दौंडहून एक दादा लिहितात की एप्रिलमध्ये छाटलं, फूट आली आणि सगळी वाळली.

कधीही फुटतं हे खरंय. कधीही टिकत नाही. एप्रिल-मे मध्ये खोल छाटलेल्या झाडाच्या उघड्या फांद्यांची साल उन्हाने भाजते. भर पावसात छाटलं तर कापलेल्या तोंडातून बुरशी आत उतरते. माझंच सांगतो, नोकरीच्या पहिल्या वर्षी वरचे साहेब येणार म्हणून क्वार्टरपुढची आठ झाडं मे महिन्यात "साफसूफ" केली होती, त्यातली पाच गेली, आणि साहेब आलेच नाहीत.

आपल्याकडे देशावर मोठी छाटणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. दसरा-कोजागिरी झाली, पाऊस खरंच गेला, सकाळी दव पडायला लागलं की कात्री काढा. कोकणातल्यांनी आणखी आठवडाभर थांबलं तरी चालतं, तिथली हवा लवकर कोरडी होत नाही. छाटल्यापासून साधारण 45 दिवसांनी फुलं येतात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यात छाटलेलं झाड मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरची फुलं देतं. तळेगाव-मावळातले पॉलिहाऊसवाले 14 फेब्रुवारीसाठी डिसेंबरच्या शेवटाला फांद्या कापतात तेही याच हिशोबाने.

छाटणीआधी आठ दिवस जमिनीतल्या झाडांचं पाणी तोडा. कुंडीला असा ताण देऊ नका, चार दिवस थोडं कमी करा बस. मुळ्या उघड्या करून उन्हात ठेवायची जुनी पद्धत आहे, जमिनीतल्या जुन्या दणकट झाडाला चालते, कुंडीला अजिबात नाही. मग मेलेल्या, एकमेकीत घुसलेल्या आणि पेन्सिलपेक्षा बारीक फांद्या मुळापासून काढा. चांगल्या चार-पाच फांद्या ठेवा, दीड ते दोन फुटांवर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) किंचित वर तिरपा काप. गावठी गुलाब आणि वेली गुलाब इतके खोल छाटू नका, त्यांचं नुसतं मेलेलं लाकूड काढा आणि शेंडे आखडा. कात्री धारदार पाहिजे. घरातल्या भाजीच्या सुरीने चेंगरत कापू नका. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसा.

आणि कापलेल्या प्रत्येक तोंडाला बोर्डो पेस्ट. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी लोक विसरतात. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगळं भिजवून मग एकत्र करा, लोखंडी बादली नको. चकचकीत खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. त्याच दिवशी वापरून संपवा. शंभर रुपयांच्या आत गल्लीतल्या सगळ्यांची झाडं होतात. दुकानदार याच्याऐवजी काहीतरी "कट सीलर" देईल, डबी छान असते.

फलटणचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे: "फांदी टोकाकडून काळी पडत खाली येतीय, युरिया दिला तरी थांबत नाही." युरियाने कसं थांबेल? ही फांदीमर, नर्सरीवाले डायबॅक म्हणतात. काळं जिथं संपतं त्याच्या खाली दोन इंच हिरव्यात कापा, काप बघा, मधला गाभा पांढरा दिसला पाहिजे, तपकिरी असेल तर आणखी खाली या. पेस्ट लावा. बुडाशी पाणी साचतंय का ते बघा, बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ तिथंच असतं, काळी भारी माती आणि कुंडीचं बुजलेलं भोक. कुंडी दोन विटांवर ठेवा. आणि आजारी झाडाला खत नको, हे लिहून ठेवा. माणूस तापाने फणफणलेला असताना त्याला श्रीखंड-पुरी कोण घालतं? बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी गांडूळखत आणि महिना-दीड महिन्याने एक मूठ निंबोळी पेंड एवढ्यावर झाड सुखात राहतं. डीएपी खत द्यायचंच असेल तर चहाचा अर्धा चमचा, कडेने, ओल्या मातीत, तेही फूट चालू असताना. मूठभर नाही.

संगमनेरहून आलंय, नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, दुकानदाराने आधी युरिया दिला मग एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियमचं खत, आणखी पिवळी झाली. पाणी कुठलं, तर बोअरचं. कळलं. क्षारांचं पाणी आणि चुनखडीची जमीन, लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. मॅग्नेशियम कमी पडलं तर जुनी पानं आधी पिवळी होतात, लोह कमी पडलं तर नवी. एवढं एक बघितलं असतं तर दोन्ही पुड्यांचे पैसे वाचले असते. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं, लिटरला 1 ग्रॅम फवारा, संध्याकाळी, दहा दिवसांनी परत एकदा. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवता आलं तर कुंड्यांना तेच द्या. व्हिडिओ बघून अंड्याची टरफलं टाकताय तेही आता थांबवा, आधीच चुनखडीची माती त्यात आणखी चुना. चहाचा चोथा चालेल, पण धुऊन, साखरेला मुंग्या येतात आणि मुंग्यांमागोमाग मावा-मिलीबग.

मावा, फुलकिडे, लाल कोळी हे तीन वेगळे पाहुणे आहेत आणि दुकानात तिघांनाही एकच बाटली मिळते. लाल कोळी म्हणजे कीटकच नव्हे, इमिडाक्लोप्रिडने तो मरत नाही, आणि सायपरमेथ्रिनसारखं काही मारलं तर त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी दुप्पट वाढतो. मार्च ते मे मध्ये पानाच्या खाली बारीक जाळी आणि धूळ बसल्यासारखं दिसलं की तोच. सकाळी पाइपने पानांच्या खालून जोरात पाणी मारा, एक दिवसाआड आठवडाभर. निम्मं काम तिथंच होतं. माव्यालाही हेच.

उरलेल्याला निंबोळी अर्क, आणि याबाबतीत मी हट्टी आहे, माझ्या तालुक्यातले लोक हसतात पण करतात. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करा, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा. लागेल तेव्हा 50 ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा टाका, आणि ऊन उतरल्यावर त्याच दिवशी फवारा. उरलेलं ठेवू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. एका फवारणीत कीड तडफडून पडत नाही म्हणून लोक सोडून देतात, अर्काचं काम तसं नसतंच, तो किडीचं खाणं आणि वाढ थांबवतो. धीर धरा की जरा.

थंडीत भुरी येईल, पांढरी पावडर. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण पारा 32 च्या वर असताना नको आणि नीमतेल मारल्यावर दोन आठवडे नको, पानं भाजतात. दुकानदार हे सांगत नाही, त्याला विचारलं तर "काही होत नाही" म्हणतो.

डब्यावरचा त्रिकोण बघता का? हिरवा, निळा, पिवळा, लाल, या चढत्या क्रमाने विष. अंगणात लाल-पिवळ्या त्रिकोणाचं काहीही आणू नका, घरात पोरं आहेत, कुत्रं-मांजर आहे, वाळत घातलेले कपडे आहेत. 2017 ला यवतमाळात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी गेले ते विसरण्यासारखं नाही, तिथंही औषधांची खिचडी करून मारणं आणि अंगावर संरक्षण नसणं या गोष्टी होत्या. दहा झाडांसाठी खिचडी कशाला करताय?

एका काकूंनी विचारलंय की फवारलेल्या झाडाच्या पाकळ्यांचा गुलकंद चालेल का, धुऊन घेते. नाही चालणार काकू. आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारं औषध पाकळीच्या आत असतं, धुऊन जात नाही. गुलकंदासाठी वासाचा गावठी गुलाब वेगळा लावा आणि त्याला पाणी आणि अर्क सोडून काही दाखवू नका. नर्सरीतून आणलेल्या झाडाचा गुलकंद पण लगेच नको, तिथं काय काय मारलेलं असतं ते तुम्हाला माहीत नाही.

"पूर्वी मोठी लाल फुलं यायची, आता झाड आठ फूट वाढलंय, फूलच नाही." भाऊ, तुमचं कलम मेलं, खुंट वाढतोय, म्हणजे ज्या जंगली गुलाबावर कलम बांधलं होतं तो. डोळा भरलेल्या गाठीच्या खालून येणारी फूट वेळच्या वेळी ओरबाडून काढायची असते, माती उकरून, जिथून निघाली तिथून. आता उशीर झालाय, नवीन झाड आणा. आणताना फुलांनी लगडलेलं उचलू नका, बुडापासून तांबूस नवी फूट असलेलं घ्या, गाठीवरची प्लास्टिकची पट्टी सोडवून काढा आणि गाठ मातीच्या वर दोन इंच ठेवा. चिकणमातीचा गोळा असेल तर अर्धा तास बादलीत बुडवून अलगद सैल करा.

योजनेचं थोडक्यात. कुंड्यांना आणि अंगणाला अनुदान नाही, कृपया विचारू नका. शेतात गुलाब लावायचा असेल तर फलोत्पादन अभियानात फुलपिकं आहेत, अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, शेतकरी ओळख क्रमांक लागतो. यंदाचे निकष आणि कागदपत्रं तुमच्या कृषी सहायकाला विचारा, म्हणजे आता सहायक कृषी अधिकारी म्हणायचं, माणूस तोच आहे. पूर्वसंमती यायच्या आधी रोपं खरेदी करू नका, पावती बाद होते.

पुढच्या वेळी फोटो पाठवताना पानाची वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू, बुडाचा एक आणि आतापर्यंत काय काय मारलं त्या बाटल्यांचा एक. बाटल्या लपवू नका, मला त्यावरूनच जास्त कळतं.