समाजशास्त्रात एम.ए. करतेय, गोव्यात राहते. सर्वेक्षण आणि सर्वेक्षण-प्रयोग शिकायला सुरुवात कुठून करू?

सॉफ्टवेअरपासून नको, प्रश्नाच्या शब्दांपासून करा. 1941 मध्ये अमेरिकेत डोनाल्ड रग या जनमत-संशोधकानं एकच प्रश्न दोन तऱ्हांनी विचारला तर उत्तरं कशी बदलतात हे दाखवलं. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का?’ असं विचारल्यावर 62 टक्के ‘नको’ म्हणाले. ‘बंदी घालावी का?’ असं विचारल्यावर मात्र 46 टक्केच ‘हो’ म्हणाले. सर्वेक्षण-प्रयोगाचा गाभा हाच आहे: कोणाला कुठला मजकूर मिळणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, मग उत्तरांतला फरक मजकुरामुळेच पडला असं म्हणता येतं.

पण त्यामुळे नमुना, म्हणजे ज्यांना प्रश्न विचारले ती माणसं, आपोआप प्रातिनिधिक होत नाही, आणि विद्यार्थी अडखळतात ते इथेच. वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म फिरवून ‘गोव्याचं मत’ कळणार नाही. मतदारयादीतून नावं काढलीत तरी सासष्टीत कित्येक घरांना कुलूप दिसेल, माणसं परदेशात; आणि वास्कोत भाड्यानं राहणारे अनेक कामगार त्या यादीतच नसतील. यादीबाहेर कोण राहिलं, हे आधी लिहून काढा.

भाषेकडे विशेष लक्ष द्या. प्रश्न मराठीत लिहिलात तरी पेडण्यात कोकणीतून विचारून बघा, दहा जणांना ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ असं विचारा. माझी पहिली प्रश्नावली इथेच तीनदा बदलली.

मग संख्याशास्त्र आणि ‘आर’ ही आकडेवारीसाठीची संगणकभाषा शिका. साध्या यादृच्छिक नमुन्यात, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी असते तेव्हा, 400 जण असले तर चूक साधारण 5 टक्के अधिक-उणे येते. ही चूक काढण्याचं सूत्र एकदा हातानं सोडवा.